येत्या वर्षाची गृहसजावट आणि कोकणचा पाऊस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : रविवारच्या पुरवणीतील गृहसजावटीवरील लेखाच्या निमित्ताने

आपल्या रविवारच्या पुरवणीत येत्या वर्षात घरे कशी सजतील याविषयी आलेला सचित्र लेख वाचला. लेख माहितीपूर्ण होता, छायाचित्रे नजर खिळवून ठेवणारी होती, आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे कात्रण घेऊन गिऱ्हाइके आमच्या दुकानात आली, यावरून तो किती आवडीने वाचला गेला हेही कळले. कुडाळ तालुक्यात आमचे प्लायवूड आणि हार्डवेअरचे दुकान आहे. त्या लेखात शिफारस केलेल्या बहुतेक वस्तू मी स्वतःच विकते, तेव्हा नव्या सजावटीवर माझा राग आहे असे कोणी समजू नये. माझे म्हणणे एवढेच, की वरच्या मजल्यावरची बंद आणि वातानुकूलित सदनिका डोळ्यांसमोर ठेवून मांडलेली ही सजावट जशीच्या तशी किनारपट्टीवर आणली, तर तिचे आयुष्य पुढच्या पावसाळ्यापर्यंतच असते, आणि ही गोष्ट वाचकाला पैसे मोजण्यापूर्वी कळायला हवी.

पांढऱ्या रंगापासून सुरुवात करते. रंगछटांचे प्रमाणीकरण करणाऱ्या पॅन्टोन या अमेरिकी कंपनीने २०२६ सालचा रंग म्हणून ‘क्लाउड डान्सर’ नावाची पांढरी छटा जाहीर केली आहे. २००० सालापासून चालत आलेल्या या निवडीत पांढरा रंग प्रथमच आला आहे. २०२५ साठी त्यांनी ‘मोका मूस’ हा कॉफीच्या वळणाचा तपकिरी रंग निवडला होता. लेखातील दिवाणखान्यात जमिनीपासून छतापर्यंत हा पांढरा रंग पसरलेला दिसतो. आमच्याकडे अंगणात तांबडी माती, भिंतीत जांभ्याचा चिरा आणि वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातलाही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पागोळ्यांचे पाणी अंगणात पडून तांबडे शिंतोडे भिंतीवर दीड-दोन फुटांपर्यंत चढतात, आणि ओल्या पायांनी, ओल्या छत्र्यांनी तोच रंग पडवीतून माजघरापर्यंत पोचतो. जुन्या घरांत जोत्यालगतच्या पट्ट्याला काव आणि त्याच्यावर चुना लावत असत, त्यामागे हा सगळा हिशेब होता. पांढरा रंग आवडत असेल तर जरूर लावावा, परंतु खालचा दोन फुटांचा पट्टा गेरूचा, विटकरी किंवा गडद राखाडी ठेवावा, असे मी गिऱ्हाइकांना सांगते. छायाचित्रात तो पट्टा नसल्यामुळे पुष्कळांना ते पटत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न पांढरे काय लावायचे हा आहे. पावसाळ्यात आमच्याकडे हवेतील आर्द्रता बहुतेक दिवस ८५-९० टक्क्यांच्या घरात असते आणि जांभ्याची भिंत खालून पाणी ओढते. अशा भिंतीवर चकचकीत ॲक्रिलिक इमल्शनचा थर दिला, की आतली ओल आतच कोंडते. गणपतीपर्यंत रंगाला फुगे येतात, दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात आणि त्यामागे लोणा लागलेली भिंत दिसू लागते. चुन्याचे तसे होत नाही. ताज्या चुन्याचा सामू (पीएच) १२ च्या पुढे असतो, म्हणजे तो तीव्र अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्याच्यावर बुरशी सहजासहजी रुजत नाही. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनते, थर टणक होतो, तरीही त्यातली सूक्ष्म छिद्रे उघडी राहतात आणि भिंतीतली ओल बाहेर पडू शकते. या प्रक्रियेत चुन्याचा तिखटपणा मात्र कमी होत जातो, आणि म्हणूनच आमच्या आजेसासूबाई दरवर्षी भिंतींवरून पुन्हा चुन्याचा हात फिरवून घेत असत.

योगायोग असा, की आपल्या लेखात ‘लाइमवॉश’, म्हणजे चुन्याचा पातळ हात, ही येत्या वर्षाची मोठी टूम म्हणून सांगितलेली आहे. मला त्याचा आनंदच आहे. पण बाजारात या नावाने जे डबे येतात, त्यांतले काही खऱ्या चुन्याचे असतात आणि काही नुसता चुन्यासारखा ढगाळ पोत देणाऱ्या ॲक्रिलिक रंगाचे. दुसऱ्या प्रकारात देखणेपणा आहे, भिंतीला श्वास नाही. शिवाय खरा चुना जुन्या ऑइल पेंटवर किंवा इमल्शनवर धरत नाही. आधीचा रंग पूर्ण खरवडून, गिलावा उघडा करून, भिंत भिजवून पातळ पातळ दोन-तीन हात द्यावे लागतात. एवढी मेहनत कोणी सांगितलेली नसल्यामुळे रंगारी डिस्टेंपरवरच चुना ओढतो, तो महिन्याभरात हाताला लागू लागतो, आणि दोष चुन्याच्या माथी बसतो.

आता भिंतीवर बसवायच्या पॅनेलविषयी. उभ्या पन्हळी असलेली, लाकडासारखी दिसणारी पीव्हीसी प्लॅस्टिकची किंवा एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या तक्त्यांची) पॅनेल सध्या घरोघरी दूरचित्रवाणी संचामागे बसत आहेत, आणि आपल्या लेखानुसार पुढच्या वर्षी ती पलंगामागे आणि देवघरातही येणार आहेत. ओल येणारी भिंत झाकण्यासाठी पॅनेल लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. गेल्या सप्टेंबरात एका गिऱ्हाइकाकडे असेच पॅनेल काढायचे काम निघाले म्हणून मी सुताराबरोबर गेले होते. खोलीत कुबट वास होता, पण समोरून पॅनेल अगदी नवेकोरे दिसत होते. खालच्या ओळीतले स्क्रू गंजून एकजीव झाल्यामुळे फिरेनात, शेवटी पट्ट्या पहारीने उचकटल्या. मागची भिंत काळपट हिरव्या मखमलीसारख्या बुरशीने भरली होती, एमडीएफच्या पट्ट्यांच्या कडा फुगून बोटाने दाबल्यावर भुसा होत होत्या, आणि एका कोपऱ्यात वाळवीची मातीची रेघ जमिनीपासून थेट छताच्या पट्टीपर्यंत गेलेली होती. त्या घरात दम्याचा त्रास असलेले वडीलधारे माणूस त्याच खोलीत झोपत असे. भिंत उघडी असती तर निदान ओल दिसली असती आणि जोत्याबाहेरचे पाणी वळवण्याचा साधा उपाय आधीच सुचला असता. पॅनेल बसवायचेच असेल तर ते आतल्या कोरड्या भिंतीवर बसवावे, मागे हवा खेळेल अशी मोकळी जागा ठेवावी आणि खाली जमिनीपासून चार बोटे वर थांबावे.

लाकूडकामाच्या बाबतीत लेखात फक्त ‘प्लायवूड’ एवढाच शब्द आहे. वाचकाची खरी फसगत तिथेच होते. भारतीय मानकांप्रमाणे सर्वसाधारण प्लायवूडला आयएस ३०३ हा क्रमांक आहे आणि त्यातही ओलावा सोसणारी एमआर व उकळत्या पाण्याला तोंड देणारी बीडब्ल्यूआर अशा दोन प्रती आहेत. मरीन प्लायवूडला आयएस ७१० हा वेगळा क्रमांक असून त्याच्या चाचणीत ते ७२ तास उकळावे लागते. एमआर म्हणजे पाण्याला न घाबरणारी प्लाय, अशी अनेकांची समजूत असते; प्रत्यक्षात ती कोरड्या हवेतल्या घरासाठी आहे. किनाऱ्यावर स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आणि न्हाणीघराच्या भिंतीला लागून ७१० वापरावी, इतरत्र निदान बीडब्ल्यूआर, आणि पार्टिकल बोर्डाचे तयार कपाट घ्यायचा मोह झालाच तर ते माडीवरच्या कोरड्या खोलीत ठेवावे. प्रत्येक तक्त्यावर मानकाचा शिक्का असतो. तो तक्ता कापण्यापूर्वी पाहायचा असतो, कारण वरून लॅमिनेट चढले, की आत काय आहे हे पहिल्या पावसाखेरीज कोणी सांगू शकत नाही.

बिजागऱ्या, कड्या आणि नळ यांचीही तीच गोष्ट. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यालगतच्या घरांत खारा वारा लोखंडावरचे काळे पावडर कोटिंग कडेकडेने सोलून काढतो, आणि या वर्षी टूम नेमकी काळ्या मुठींची आहे. स्टेनलेस स्टीलमध्येही ३०४ आणि ३१६ असे प्रकार आहेत. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे ते मिठाला जास्त दाद देत नाही. ते महाग आहे, म्हणून मी ते सरसकट सुचवत नाही. परंतु समुद्राकडे तोंड असलेल्या दारा-खिडक्यांपुरते तरी घ्यावे. पितळेचे बिजागर मिळाले तर प्रश्नच मिटला. त्याला हिरवट कळा येते, पण ते अडत नाही.

स्वयंपाकघरातला पांढरा क्वार्ट्झचा ओटा लेखात मोठ्या कौतुकाने दाखवला आहे. तो दिसतो सुरेख, डागही कमी धरतो. मात्र या कृत्रिम दगडात सिलिकाचे प्रमाण फार मोठे असते आणि तो कोरडा कापताना उडणारी धूळ कारागिराच्या फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडाच्या ओट्यांवर बंदी आणली. आपल्याकडे तो बांधकामाच्या जागीच, अंगणात, तोंडाला रुमाल बांधून कापला जातो. घेणाऱ्याने निदान पाणी सोडून कापण्याचा आणि कारागिराला चांगला मुखवटा देण्याचा आग्रह धरावा, एवढी एक ओळ त्या छायाचित्राखाली असती तर बरे झाले असते.

छताबद्दल मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. पीओपी किंवा जिप्समचे खोटे छत आणि त्याच्या खाचेत बसवलेल्या प्रकाशपट्ट्या आता गावोगावच्या कौलारू घरांतही शिरल्या आहेत. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा वर निघून जाते, म्हणून एप्रिल-मेमध्ये कौलारू घर सुसह्य असते. खोट्या छताने तो मार्ग बुजतो. दुसरे असे, की कौल म्हटले की ते कधी ना कधी सरकतेच, आणि आमच्याकडे तर माकडांच्या टोळ्या त्याला हातभार लावतात. पूर्वी गळती दिसली, की खाली भांडे ठेवायचे आणि उघडीप मिळताच कौल परतायचे. आता पाणी जिप्समच्या पाठीवर साठत राहते आणि एके रात्री तक्ताच पलंगावर येतो. जिप्सम पाण्यात थोडेसे का होईना विरघळते, हे रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडताही त्या घरच्यांना समजते.

माटवीचा प्रश्न याच छतातून उभा राहिला आहे. चतुर्थीला गणपतीच्या वर बांधायची लाकडी माटवी, तिला लटकवलेले नारळ, सुपारीची शिपटे, कवंडळे आणि आंब्याचे टाळ यांचे वजन वाशांना किंवा स्लॅबमधल्या कड्यांना पेलायचे असते. छत करताना या कड्यांचा विचार झालेला नसतो. मग माटवी प्लॅस्टिकच्या तयार फळांची होते, नाहीतर ऐन चतुर्थीच्या आदल्या दिवशी वीजतंत्र्याला बोलावून छताला भोके पाडावी लागतात. सजावटकार शहरातून आलेला असेल तर त्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. घरच्यांनीच नकाशा पाहताना सांगायला हवे.

जुने तेच चांगले, असा याचा अर्थ लावला जाऊ नये. आज आपण ज्याला कोकणी घराची ओळख मानतो, ते मंगलोरी कौलसुद्धा बाहेरूनच आले. बासेल मिशनने १८६५ साली मंगलोरला त्याचा कारखाना काढला, तोवर इथली घरे गवताने आणि नळीच्या कौलांनी शाकारली जात होती. नवे कौल आमच्या पूर्वजांनी स्वीकारले, कारण ते पावसात टिकले आणि दरवर्षीच्या शाकारणीचे कष्ट त्याने कमी केले. शेणाने सारवलेल्या जमिनीविषयी आज गहिवरून लिहिले जाते, परंतु ती सारवणाऱ्या बायकांच्या गुडघ्यांना कोणी विचारले नाही. मला स्वतःला फरशीच हवी. ती कुठली, एवढाच प्रश्न आहे. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीला दमट दिवसांत पाणी सुटते आणि म्हातारी माणसे घसरतात. त्या मानाने नक्षीदार सिमेंट फरशी, मोझॅक आणि चौकटीचौकटीची दोनरंगी जमीन ही जी येत्या वर्षाची म्हणून सांगितलेली मांडणी आहे, ती आमच्या हवेला मानवणारी आहे, कारण तिला पकड असते आणि घासून पुन्हा नवी करता येते. स्वदेशीच्या चळवळीच्या काळात, १९२२ साली, भारत फ्लोअरिंग्जने अशा सिमेंट फरश्यांचा उद्योग सुरू केला. कोकणातल्या कितीतरी जुन्या ओट्या आणि माजघरांत तशा फरश्या आजही शाबूत आहेत. घर पाडताना त्या फोडून भरावात टाकल्या जातात. त्या काढून, साफ करून विकायचे एखाद्या तरुणाने मनावर घेतले तर त्याला गिऱ्हाईक कमी पडणार नाही.

गडद लाकूड पुन्हा चलनात येत असल्याचेही लेखात म्हटले आहे, आणि ही बातमी मला सर्वांत आवडली. फणसाचे लाकूड सुरुवातीला पिवळे असते आणि वर्षागणिक तांबूस तपकिरी होत जाते. परसातला जुना फणस पडला तर तो जळाऊ म्हणून न देता फळ्या पाडून, सावलीत रचून सुकवून ठेवावा. त्याच्यापुढे ‘अक्रोड फिनिश’चे लॅमिनेट उभे राहू शकत नाही, आणि हे मी लॅमिनेट विकणारी बाई म्हणून सांगते. वेताच्या जाळीची कपाटेही सुंदर दिसतात, मात्र पावसाळ्यात वेतावर पांढरी बुरशी धरते; ती उजेडाच्या, वाऱ्याच्या खोलीत ठेवून अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसण्याची तयारी असेल तरच घ्यावीत.

भिंतीवर काय लावावे या भागात परदेशी छापील चित्रांची शिफारस वाचून वाईट वाटले. आमच्या तालुक्यातल्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला, ठाकर समाजाने पिढ्यान्पिढ्या जपली आणि त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. सावंतवाडीला गोल गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, आजही हाताने रंगवले जातात. दशावतारी गंजिफेच्या एका संचात १२० पाने असतात आणि त्यांतली दहा राजाची पाने एका चौकटीत लावली तर एक भिंत पुरते. सिंधुदुर्गात गणपतीमागची भिंत दरवर्षी चिताऱ्याकडून रंगवून घेण्याची पद्धत होती, काही घरांत अजूनही आहे. त्या जागी आता फ्लेक्सचा पडदा येतो आणि अनंत चतुर्दशीनंतर गोठ्यावर ताडपत्री म्हणून जातो. सजावटीचे वार्षिक वेळापत्रक जर कुठे आधीपासून असेल तर ते इथे आहे, आणि त्याची दखल मराठी वृत्तपत्राने घ्यायची नाही तर कोणी?

शेवटी एक विनंती. डिसेंबर-जानेवारीत येणारे हे लेख शहरातल्या वाचकाला सोयीचे असतील. आमच्याकडे घराच्या कामाचे बेत शिमग्याला चाकरमानी गावी आले की ठरतात, आणि काम मात्र चतुर्थी तोंडावर आली की निघते. जुलै-ऑगस्टच्या ओल्या हवेत ओढलेला रंग आणि चिकटवलेले लॅमिनेट टिकत नाही, हे माहीत असूनही दरवर्षी तेच होते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे लोकांना आणखी दिवस हाताशी असल्याचा भास होणार. प्रत्यक्षात रंग, गिलावा आणि लाकूडकाम मे अखेरीस आटोपलेले असले पाहिजे. तेव्हा शिमग्याच्या आधीच्या रविवारी किनारपट्टीच्या घरांसाठी म्हणून एक स्वतंत्र पुरवणी काढावी, आणि प्रत्येक छायाचित्राखाली तो प्रकार दमट हवेत चालतो की नाही, कोणत्या प्रतीचे साहित्य लागते आणि कोणत्या महिन्यात काम करावे, हे छापावे. अशा पुरवणीसाठी आमच्या भागातल्या अनुभवी सुतारांशी आणि रंगाऱ्यांशी आपल्या प्रतिनिधीची गाठ घालून द्यायला मी तयार आहे. फक्त तो फेब्रुवारीत यावा. मार्चनंतर त्यांच्यापैकी कोणीही बोलायला मोकळा सापडत नाही.

आपली,
एक प्लायवूड विक्रेती
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग